अमेरिकेच्या पोथीची समाप्ती

एम.ए.चा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर माझ्या नशिबातच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. अभ्यास करून बसावं, तर परीक्षा पुढं! आज बंद, उद्या मोर्चा, परवा विद्यापीठाच्या गेटवर पोलिसांच्या गाड्या. विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे म्हणणारे एकीकडं, होऊ देणार नाही म्हणणारे दुसरीकडं. मला विचाराल तर झालंच पाहिजे होतं, आणि घरात मी तसं म्हणायचेही. पण केलेला अभ्यास तोवर पार उडून जायचा आणि माझी नुसती चिडचिड व्हायची. त्यात माझं डोकं असलं, की मोठ्यानं वाचल्याशिवाय काही म्हणून राहायचं नाही.

आम्ही वाळूजला कारखान्यांच्या मागच्या वसाहतीत दीड खोलीत राहत होतो. हे शिफ्टच्या बसनं कामावर गेले की घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. पिशोरच्या पलीकडचं गाव सोडून त्या नुकत्याच आमच्याकडं राहायला आल्या होत्या. जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं भिंतीला टेकून बसायचा त्यांना भारी कंटाळा. पहिल्या दुपारी मी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागले, तशा त्या उठल्या, पाय धुऊन आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मूठभर ज्वारी हातात धरून समोर बसल्या.

"आत्याबाई, अहो हा इतिहास आहे," मी म्हटलं.

"आसू दे की. अध्याय पुरा कर, अर्ध्यात सोडू नाय."

दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तकाला हळदीकुंकू लावलेलं! मुखपृष्ठावर उंच टोपीतला एक गलेलठ्ठ भांडवलदार होता. आत्याबाईंनी नेमकं त्याच्याच कपाळाला कुंकू टेकवलेलं. मला हसावं की रडावं कळेना. लायब्ररीचं पुस्तक होतं हो ते!

पण खरं सांगते, तसं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. रेल्वेच्या मालकांनी भाडं वाढवून शेतकऱ्यांचा मका जाग्यावर सडवला, तर त्या "मुडदा बशिवला त्यांचा!" म्हणून मोकळ्या व्हायच्या. शहरातले पुढारी गरिबांच्या घरी थंडीत कोळसा पोचवायचे आणि निवडणुकीत मत मागायला यायचे, हे वाचलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की हातातली ज्वारी सांडली. "हितं साडी, तिथं कोळसा. माणूस सारखाच की गं!" तेलाच्या आणि पोलादाच्या राजांचे वाडे, कारखान्यांतले संप, गोळीबार, सगळं त्यांनी मान डोलवत ऐकलं. संपाचा अध्याय झाला त्या दिवशी हे घरी आल्यावर, "तुमच्या कंपनीत बंदुका तर नायत ना रे?" असं त्यांनी विचारून घेतलं.

मग दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचा अध्याय आला. काळे आणि गोरे गरीब शेतकरी काही काळ एका पक्षात आले, एका मांडवात बसले, एकमेकांसाठी मतं मागू लागले. आत्याबाईंचा चेहरा उजळला. पण पुढच्याच पानावर ती एकी मोडली. मोठ्या जमीनवाल्यांनी गोऱ्यांच्या मनात विष कालवलं. काळ्यांची घरं जळाली, रेल्वेचे डबे वेगळे झाले, आणि मत द्यायला वाचता आलंच पाहिजे असा कायदा निघाला. गोरे अडाणीही त्यात अडकू लागले, तेव्हा पळवाट काढली, की ज्याच्या आजोबांना मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ.

"आन् ज्याचा आजा गुलाम व्हता, त्यो?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याला माफी नाही."

 अध्याय संपल्यावर आत्याबाईंनी नमस्कारही केला नाही. चहा करते म्हणाल्या आणि स्टोव्हपुढं नुसत्याच बसून राहिल्या.

मला वाटलं, ऊन लागलं असेल. पण संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. गावात बौद्धवाड्यातली त्यांची एक मैत्रीण होती. वर्षानुवर्षं दोघी एकाच ओळीत निंदायच्या, एकमेकींची पोरं संभाळायच्या. जेवायला मात्र ती बांधापलीकडं बसायची, आणि आत्याबाई तिला पाणी वरून ओतायच्या. आत्याबाईंची उरलेली भाकरी ती पदरात घेऊन जायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, असं आत्याबाई म्हणाल्या, आणि लगेच, "मला वाटत नव्हतं, तिचं काय ठावं," असं म्हणाल्या. नामांतराच्या दंगलीत गावातल्या टोळक्यानं बौद्धवाडा पेटवला. ती लेकरं घेऊन आत्याबाईंच्या दाराशी पळत आली. आत्याबाईंनी आतून कडी लावून घेतली.

"मालक घरी नव्हते. भ्याले मी," त्या म्हणाल्या. "सकाळी ती गाव सोडून गेली. कडी मी लावली, हे तिला ठावं हाय का नाय, तेवढं मला कळलं नाय."

पुस्तक पुढं सरकत राहिलं. शेवटच्या अध्यायात अमेरिकेतल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. मी मोठ्या थाटात वाचलं.

"समद्या बायांना?"

आता पोथीसमोर खोटं कसं बोलायचं? म्हटलं, "कायद्यात सगळ्यांना. पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना तिथल्या गोऱ्यांनी मत टाकू दिलं नाही."

"मंग ह्याची समाप्ती कशी करायची?" आत्याबाई भडकल्याच. "वंगाळ ठिकाणी पोथी मिटू नाय!"

पुस्तक तिथंच संपतं म्हटलं, तर त्या ऐकेनात. पोथी लावली की समाप्तीला पुरण घालायचं आणि कुणाला तरी जेवू घालायचं, ही रीत. आणि जेवायला कोण, तर ती, गावातली मैत्रीण. तिचा मुलगा ह्यांच्याच शिफ्टच्या बसमध्ये होता, शहरात राहत होता. वाळूजला आल्यावर पहिल्या आठवड्यातच आत्याबाईंना ते कळलं होतं, पण त्यांनी ब्र काढला नव्हता. ह्यांच्याकरवी निरोप गेला. उत्तर काही आलं नाही.

समाप्तीच्या दिवशी आत्याबाईंनी पहाटेपासून पुरण वाटलं. दोन ताटं शेजारीशेजारी मांडली, ती पुन्हा उचलली, पुन्हा मांडली. दहा वेळा दारात जाऊन आल्या. "येत नाय ती. काहून यावं तिनं?" असं म्हणत राहिल्या. 

ती आली. पांढरं लुगडं, ताठ मान, अनवाणी. बसली, पुस्तकाकडं बघितलं.

"कंची पोथी लावली व्हती?"

"अमेरिकेची," आत्याबाई म्हणाल्या.

"काय झालं तिच्यात?"

"आपल्या गावात झालं तेच." आणि मग एका दमात, ताटाकडं बघत, "त्या दिशी कडी मीच लावली व्हती गं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कडीचा आवाज आला व्हता मला."

 आत्याबाईंच्या हनुवटीवरून पाणी टपटप ताटात पडत होतं. मला वाटलं, ही आता उठून जाणार, आणि गेली तर तिला थांबवायला आमच्यापैकी कुणाला तोंड नव्हतं.

तिनं पोळी उचलली. अर्धी सावकाश खाल्ली. उरलेली अर्धी, दातांच्या खुणेसकट, आत्याबाईंपुढं धरली.

"तुझं उष्टं मी लई वर्षं नेलं घरी," ती म्हणाली. "आता माझं खा."

आत्याबाईंनी दोन्ही हात पुढं केले, प्रसादाला करतात तसे, आणि खाल्लं.