नवऱ्याच्या नावाने माझी बोटं

नवऱ्याला कंपवात झाल्याचं बंगळूरमधल्या जयनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. हेब्बाळला घरी येईपर्यंत टॅक्सीत तो एकच वाक्य बोलला, "ऑफिसात कळता कामा नये." मी म्हटलं, सांगून टाक, आजार आहे, चोरी नव्हे. तर म्हणाला, "पुढच्या छाटणीत पहिलं नाव माझं असेल. तुला आयटीतलं काही कळत नाही." ते मात्र खरं होतं. पुण्यात एका शाळेच्या कार्यालयात मी बारा वर्षं टायपिंग केलं, तेवढंच मला येतं.

तेच कामी आलं. तो घरूनच काम करायचा. उजव्या हाताची बोटं अडखळायला लागली तसा तो लांबलचक ईमेल सांगायचा आणि मी टाइप करायची. आधी दिवसाला एखादी, मग चार-पाच. दीड वर्षात वेळ अशी आली की पासवर्ड टाकून तो बाजूला सरकायचा आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप माझ्या पुढ्यात असायचा. कुणाला पत्ता लागला नाही म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो.

मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि त्याचा हात बराच सैल झाला. एका सोमवारी सकाळी तो म्हणाला, "आज माझं मी करतो." मला इतका आनंद झाला की मी शिरा करायला घेतला. रवा भाजून होतोय तोवर त्याची हाक आली. पडद्यावर लाल पट्टी होती. टाइप करणारी व्यक्ती या खात्याची वाटत नाही, म्हणून खातं बंद केलं आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

त्याच्या कंपनीची यंत्रणा नुसत्या पासवर्डवर विसंबत नाही. कोणती कळ किती वेळ दाबली, एका अक्षरावरून दुसऱ्यावर बोट किती वेळात गेलं, यावरून ती माणूस ओळखते. माणसाची सवय बदलते, म्हणून ती रोज थोडं थोडं नव्याने शिकते. आम्ही तिला दीड वर्ष, न चुकता, मलाच शिकवलं होतं. "पण पासवर्ड तर मीच टाकत होतो ना," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला इतका संताप आला की शिरा तसाच गार होऊ दिला. आयटीतलं कळणारा माणूस हा आणि फजिती अशी.

दुपारी सुरक्षा विभागाचा निरोप त्याच्या फोनवर आला. गुरुवारी कॅमेऱ्यासमोर, हात दिसतील असं बसून टाइप करून दाखवायचं. तीन वेळा जुळलं नाही तर दुसऱ्याकडून काम करून घेतल्याबद्दल नोकरी जाणार. नोकरीबरोबर विमा जाणार आणि त्या गोळ्या विम्यावरच येत होत्या. मी पुन्हा म्हटलं, आजाराचं सांग. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "त्यापेक्षा तू मला तुझ्यासारखं टाइप करायला शिकव."

तीन दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर तेच केलं. मी टाइप करायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मग तसंच वाजवून बघायचा. मोठ्या अक्षराआधी मी क्षणभर थांबते, चूक झाली की अख्खा शब्द खोडते, हे मला त्याच्याकडून कळलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याने माझं इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्याची बोटं थरथरायला लागली तरी तो थांबेना. मी त्याच्यावर ओरडले, मग मोरीत जाऊन रडले. सगळी सोंगं आणता येतील, पण दुसऱ्याच्या बोटांचं कुठून आणणार?

गुरुवारी पडद्यावर एक तरुण मुलगी आली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी दाराशी उभी राहिले. पहिला परिच्छेद जुळला नाही. दुसराही नाही. ती समजुतीने म्हणाली, "सर, टेन्शन मत लीजिए. रोज जैसे टाइप करते हैं, वैसे ही कीजिए."

त्याने हात मांडीवर ठेवले. "रोज मैं नहीं करता," तो म्हणाला, "मेरी वाइफ करती है. मुझे पार्किन्सन्स है."

तिने नियम उघडून वाचले. मग म्हणाली की आजारामुळे मदत घेतली अशी नोंद करायची तर मॅडमना एकदा टाइप करावं लागेल. मी नको नको म्हणत होते. त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली.

मी बसले आणि बोटं आपली चालत राहिली. पहिल्याच खेपेला हिरवी खूण उमटली आणि तिच्याखाली स्वागताच्या ओळीत त्याचं पूर्ण नाव आलं. खुर्चीमागे उभा राहून तो ते वाचत होता. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो थरथरत असूनही काढला नाही.