निळ्या मिन्याचं घड्याळ

आमच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ तीस वर्षं बंद होतं, आणि ते आपणच मोडलं या समजुतीत ते गृहस्थ म्हातारे झाले. किल्ली देताना एक पीळ जास्त पडला, स्प्रिंग तुटली, असं सांगायचे. घड्याळ आजोबांचं. करकंबच्या त्या शेतकऱ्याने ते कुठल्याशा लिलावात हौसेने घेतलं होतं आणि जाण्याआधी थोरल्या मुलांना डावलून वडिलांच्या हातात ठेवलं होतं. ते बंद पडल्यापासून वडिलांनी कशाला म्हणून पीळ दिला नाही. नळ गळला तर आईला हाक, बरणीचं झाकण अडलं तर मला. म्हणे हात जड आहे. मला या सोंगाचा भारी राग यायचा. आई मात्र, जी भाजीतल्या मिठावरून त्यांना दिवसभर टोचू शकते, ती घड्याळावरून कधी अवाक्षर बोलली नाही. तो तिचा चांगुलपणा, असं मी धरून चालले.

यंदा दसरा झाल्यावर तिनेच ते दुरुस्तीला काढलं. आम्ही दोघी भवानी पेठेतल्या एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्याने आधी झाकणच न्याहाळलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आजवर मला त्यावर नुसता निळा रंग दिसायचा. आता दिसलं, सोन्यावर मध्यापासून कडेपर्यंत केसाएवढ्या लाटा कोरल्यात आणि वरच्या नितळ मिन्यातून त्या स्पष्ट दिसतायत. कडेला पांढऱ्या गुलाबांची माळ, पाकळी न् पाकळी वेगळी. मिना म्हणजे काचेची पूड, त्याने सांगितलं. एक थर लावून भट्टीत वितळवायचा, मग दुसरा. एखाद्या थराला तडा गेला की आधीची मेहनत मातीत. एवढ्याशा जागेवर कुणीतरी एवढा जीव लावला होता, या विचाराने मला भरून आलं. एरवी मी रडणाऱ्यातली नाही.

मग त्याने मागची बाजू उघडली.

"स्प्रिंग शाबूत हाय की, आजी. आत पाणी गेलंय. गंजलंय सगळं."

रिक्षात बसल्यावर आईने सांगितलं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीला दागिने धुवायला काढले, तेव्हा गुलाबांच्या कडांत मळ दिसला. सोनं ते सोनं, म्हणून पाटल्यांबरोबर घड्याळही रिठ्याच्या पाण्यात घालून मऊ ब्रशने घासलं. गुलाब असे उजळले की ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी किल्ली दिली आणि ते बंद पडलं. ते इतके कळवळले की तिची जीभ रेटली नाही, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. मी तिला घर येईपर्यंत फैलावर घेतलं.

पंधरा दिवसांनी घड्याळ चालू होऊन आलं. आईने ते वडिलांच्या तळहातावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आता ते चिडणार, म्हणून मी सावरून बसले. चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"म्हणजे मी नाही मोडलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. मी."

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आबांचं घड्याळ मी नाही मोडलं." डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

किल्लीला बोटं लावली आणि परत काढून घेतली. आईने त्यांच्या तळहाताखाली आपला हात धरला.

"द्या किल्ली," ती म्हणाली. "आता मोडलं तर तेबी माझ्याच नावावर."