पदकांच्या समोरचं पान

तीन महिने मी ज्या नावाच्या जर्मन शिपायाला शोधत होतो, त्या नावाचा माणूस जर्मनीत जन्मलाच नव्हता. त्याचं नाव मी ‘ब्रॅन्नो’ असं वाचलं होतं.

मला दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सोल्डबुखं (शिपायाच्या खिशातलं पगाराचं आणि ओळखीचं पुस्तक) जमवायचा नाद आहे. त्या राजवटीचं कौतुक म्हणून नव्हे. कोण कुठे होता, पदक कशाबद्दल मिळालं, हे शिक्क्यांवरून जुळवण्यात माझे रविवार जातात. त्यातलं जुनं हस्ताक्षर म्हणजे जर्मनांची मोडीच; आजच्या जर्मनांनाही ते लागत नाही. त्यात उ आणि न जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून उ ओळखू यावा यासाठी त्याच्या डोक्यावर छोटा चंद्र काढतात. आता मराठी माणसाला डोक्यावर चंद्र दिसला की तो ‘ॲ’ म्हणणार. मीही म्हटलं.

त्याच्या पुस्तकातलं नावाचं पान संग्राहकांच्या एका साइटवर टाकलं, तेव्हा ॲन आर्बरहून हेडा नावाच्या बाईंची मेल आली. ‘तो चंद्र म्हणजे उ. नाव ब्रुनो. आडनाव आणि गाव पाहता हे माझे वडील आहेत. मला त्या पुस्तकात एक गोष्ट बघायची आहे.’

आमची मुक्ता ॲन आर्बरलाच नोकरी करते. मी सुनीताला म्हटलं, “चल, लेकीला भेटून येऊ.”

“लेकीला की शिपायाला?” बायको म्हणाली. पण पहाटे उठून तिने दशम्या केल्या.

आमच्या मॉरिसव्हिलहून गाडीने निघालो; ॲन आर्बर दिवसभराच्या अंतरावर. वेस्ट व्हर्जिनियात डोंगर जवळ आले, बोगदे लागले, पानगळीनंतरची तपकिरी जंगलं दोन्ही बाजूंनी धावू लागली. एका रेस्ट एरियात सुनीताने हवाबंद डबा उघडला आणि तसाच माझ्यापुढे धरला. आत सोल्डबुख. ओलावा लागू नये म्हणून मी ते तिच्याच एका डब्यात ठेवलं होतं. तसाच दुसरा डबा, दशम्यांचा, घरी ओट्यावर राहिला होता.

“घ्या, खा तुमचा जर्मन,” ती म्हणाली. पुढचा सगळा ओहायो आम्ही फ्रेंच फ्राइजवर काढला.

ॲन आर्बरला बर्फ भुरभुरत होता. दुसऱ्या दिवशी मुक्ता आम्हाला हेडाबाईंकडे घेऊन गेली. गाडीतून उतरताना म्हणाली, “बाबा, प्लीज, तिथे लेक्चर नको.”

हेडाबाई ऐंशीच्या पुढच्या, ताठ, बारीक. आलुबुखाराचा केक तयार होता. मी पुस्तक उघडलं आणि अर्थातच लेक्चर सुरू केलं. “हे पदकांचं पान. हे जखमी झाल्याबद्दल, हे हल्ल्यात भाग घेतल्याबद्दल...”

“ती कशासाठी मिळाली ते मला ऐकायचं नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझा जन्म युद्धातला. वडील त्यातच गेले. आई सांगायची, एकदा ते घरी आले होते, मला कोटात गुंडाळून नदीपर्यंत घेऊन गेले होते. मावशी म्हणायची, तो कधी आलाच नाही, तुझी आई मनाचं सांगते. दोघीही आता नाहीत. त्यांनी मला पाहिलं होतं का, एवढंच मला हवंय. ही अक्षरं मला आता दिसत नाहीत. तुम्ही वाचा.”

पदकांच्या समोरचं पान रजेचं असतं. ते माझ्या डोळ्यांसमोर शंभरदा आलं होतं. पण त्यात पदक नाही, म्हणून मी ते कधी वाचलंच नव्हतं.

पानावर एकच ओळ होती, तिरकी, फिकट शाईची. एका लांब शब्दावर तीन चंद्र. मी बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखा, फोड करत गेलो. “एर्-हो-लुंग्स-उर्-लाउब.”

“विश्रांतीची रजा,” त्या पुटपुटल्या. “गाव?”

गाव तेच होतं. माझा आवाज चढला. “मे महिना. अठरा दिवस.” मग वर्ष सांगितलं. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो होतो.

“मी त्याच वर्षीच्या मार्चमधली,” हेडाबाई म्हणाल्या.

मुक्ताने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी न विचारता आमच्या ताटल्यांत केकचे आणखी तुकडे वाढले.

माझ्या संग्रहातला तो सर्वांत चांगला नग. मी तो टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. सुनीताच्या भुवया वर गेल्या. मलाही माझं आश्चर्य वाटलं.

“पदकांच्या पानाचा फोटो काढून घ्या,” हेडाबाई म्हणाल्या. “ते तुम्हाला आवडतं.”

मी फोटो काढला, पण समोरच्या पानाचा.

मॉरिसव्हिलला परतलो. कपाटातल्या रिकाम्या जागेसमोर उभा राहून मी मनातल्या मनात हिशेब करत होतो: एवढ्या मोठ्या लढाईच्या धामधुमीत माणसाला मुलीला बघायला अठरा दिवस मिळाले, आणि इतकी वर्षं मी फक्त बिल्ले मोजत बसलो. हे सुनीताला ऐकवलंही, जरा गंभीर आवाजात.

ती बॅगेतले कपडे काढत होती. “मुक्ता झाली तेव्हा तुम्ही किती दिवस रजा घेतली होती?”

“तीन,” मी म्हटलं.

“दोन. आणि त्यातला एक रविवार होता.”