वल्ह्याची चमक

"हे ध्यानात ठेवायचं, मास्तर," म्हणत अण्णा रुमालाच्या टोकाला गाठ मारायचे. भवानी पेठेतले आमचे शेजारी, गिरणीतून निवृत्त झालेले. प्रत्येक अपमानाला एक गाठ. सूड उगवला की सुटे. दारासमोर स्कूटर लावणाऱ्याच्या सीटवर ते रोज सकाळी कबुतरांसाठी ज्वारी टाकत. सीटचं जे व्हायचं ते झालं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण इतकी चिकाटीची नसतील.

एक गाठ माझ्या वतीनेही होती. हिप्परगा तलावावर आम्ही काही हौशी लोक कयाक चालवतो, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. तिथल्या शर्यतीत एका दातांच्या डॉक्टरने मला हरवलं, वर मी पाण्यात पडलो त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. त्यात मी म्हशीसारखा दिसत होतो हे खरं. पण म्हैस निदान पोहते.

पुढच्या शर्यतीसाठी मी स्वतः देवदाराचं वल्हं तासलं. तासलं झकास. अडलं शेवटच्या हाताशी: जवसाचं तेल चोळावं की चकचकीत वार्निश मारावं? तेलाने पकड चांगली येते, पण लाकूड मंद दिसतं.

"चमकवा की! त्या दातवाल्याचे डोळे दिपले पायजेत."

अण्णांचा हात लाकडात नव्हे, सुडात बसलेला. पण मला तेच ऐकायचं होतं. आम्ही टोकापासून टोकापर्यंत वार्निश चढवलं. मुठीच्या जागी तर एक थर जास्तच.

ऐन शर्यतीत वल्हं ओल्या मुठीतून साबणासारखं निसटलं आणि तरंगत गेलं. डॉक्टरनेच ते आणून दिलं. हसत.

"सर, काय चमकतंय हो!"

काठावर अण्णा माझ्यापेक्षा लाल झालेले. "उपकार केला त्यानं, मास्तर! ह्यो तर लई मोठा अपमान!"

घरी येताच ते फुटक्या काचेने वार्निश खरवडायला बसले. तेलही त्यांनीच चोळलं, बोटं दुखेपर्यंत. "आता त्याचं तोंड बघायला मी येणार. येणार म्हंजे येणार."

ते आले नाहीत. थंडीत एका दुपारी छातीत कळ आली आणि गेले.

पुढची शर्यत मी जिंकली. वल्हं हातात घट्ट बसलं होतं. मागून डॉक्टर आला, धापा टाकत, तोंड उतरलेलं. काय सुंदर उतरलं होतं! माझ्या वाट्याचं मी पोटभर बघितलं. मग अण्णांच्या वाट्याचं बघत राहिलो. शेवटी डॉक्टर कावराबावरा झाला.

"काय बघताय, सर?"

"थांबा जरा," मी म्हणालो, "अजून झालं नाही."