मिस्टर जेवण, मुक्काम जळगाव

तोंड न उघडता अखंड गप्पा मारणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. जळगावातलं आमचं सगळं मेहरूण त्यांना नाना म्हणतं. डाळमिलच्या खडखडाटात उमेदीची वर्षं ओरडण्यात गेल्यामुळे म्हणा किंवा घरात सासूबाई असल्यामुळे म्हणा, नानांनी बोलायचं काम बोटांकडे सोपवलेलं आहे. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे आणि त्या रेडिओवर ते आवाजाने कधीच बोलत नाहीत. बोलतात ते मोर्समध्ये, टिंब आणि रेघ, कट्ट आणि कडकट्ट. ही सवय रेडिओपुरती राहिली असती तर प्रश्न नव्हता. नाना ताटाच्या कडेवर चमच्याने मीठ मागतात. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न एकदा लांब, एकदा आखूड वाजला की तो एन, एन म्हणजे नाना, आणि नाना म्हणजे चहा ठेवा. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा हे गृहस्थ सगळा वेळ टेबलावर बोटं वाजवत गप्प बसले होते आणि मुलगी पदराआड हसत होती. लग्न झाल्यावर तिने भाषांतर सांगितलं: ‘मुलगा बरा आहे, पण पोहे फार खातो.’

नानांचा जिवाभावाचा माणूस म्हणजे धुळ्याचे आबा. दोघं तिथल्याच देवपुरात एका बाकावर शिकले, मोर्सही बरोबरच शिकले. पुढे नाना जळगावला आले, पण दर रविवारी सकाळी रेडिओवर दोघांची भेट ठरलेली. दोघांच्याही खिशात मोबाइल आहेत. ते त्यांनी एकमेकांना कधी लावले नाहीत. मी एकदा तसं सुचवलं तर नाना म्हणाले, “जवाईबापू, फोनवर काय, कोणीही बोलतं.” लिहिण्यात जसं ज्याचं त्याचं अक्षर असतं तसा मोर्समध्ये ज्याचा त्याचा ‘हात’ असतो. ‘आबा’ म्हणायच्या आधी नाना अंमळ थांबतात, देवळात शिरण्यापूर्वी चप्पल काढायला थांबावं तसे. आबा म्हणत, एवढ्या थांबण्यावरूनच मी तुला हजारात ओळखीन.

आणि नेमका तो हात थरथरू लागला. नानांच्या मोर्स वाजवायच्या चावीला दोन पाती आहेत, एक दाबलं की टिंबं निघतात, दुसरं दाबलं की रेघा. बोट कापलं की एक टिंब जास्तीचं निघून जाई. चार टिंबांचा एच असतो, पाचांचा आकडा पाच, आणि इंग्रजी अक्षरांत भरीत वाजवायचं तर बीनंतर एच येतोच. एका रविवारी नानांनी भरताची बातमी दिली तर आबांनी विचारलं, “भरीतमधी हाऊ पाच कथाईन उना?” म्हणजे हा पाच आला कुठून? नाना हसले खरे, पण पुढचे दोन रविवार रेडिओवर टॉवेल पडलेला होता. सासूबाईंनी भरीत केलं तर ते ताटावरून उठले. आबांशी असलेलं बोलणं संपलं तर या माणसाचं बोलणंच संपेल, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

उपाय चावीला जोडलेल्या डबीतच होता. कीयर म्हणतात त्या काड्यापेटीएवढ्या यंत्राला. तिच्यावर चार बटणं असतात. संदेश एकदा चावीने भरून ठेवायचा, मग बटण दाबलं की तो आपोआप जातो. या सोयीला नाना जन्मभर नावं ठेवत आले होते. “कॅसेट लावून सत्यनारायण घालण्यातला प्रकार आहे,” असं त्यांचं मत. शेवटी माझ्या बायकोनेच टॉवेल काढला आणि टेबलावर बोटांनी काहीतरी वाजवलं. ते काय होतं हे तिने मला अजून सांगितलेलं नाही. नाना उठले आणि बसले डबीपुढे.

ती डबीही नानांच्याच वळणाची. तिला पडदा नाही. जे काय विचारायचं ते मोर्समध्येच विचारते. दोघांची भांडणं आम्ही स्वयंपाकघरातून ऐकायचो. सकाळी हात जरा शांत असे तेव्हा नाना संदेश भरत, चुकला की पुसत, पुन्हा भरत. भरण्याच्या रीती दोन: एकीत यंत्र सगळी अंतरं सारखी करून टाकतं, दुसरीत तुमचं थांबणं जसंच्या तसं ठेवतं. नानांनी अर्थात दुसरी धरली. सासूबाई म्हणाल्या, “बठ्ठं यंत्रच करी ऱ्हायनं, मंग तुम्ही काय करतस?” नाना म्हणाले, “थांबतो.”

पहिल्या बटणावर हाक, दुसऱ्यावर आबांना नमस्कार, तिसऱ्यावर ‘आज भरीत शे’, आणि चौथ्यावर ‘जेवण व्हयनं का’. खानदेशात हे विचारल्याशिवाय बोलणं सुरू झालं असं धरत नाहीत. तालमीसाठी नानांनी इटलीतल्या एकाला गाठलं. त्याने नाव विचारलं आणि नानांचं बोट पडलं चौथ्या बटणावर. आठवड्याने ई-मेलवर भेटीचं कार्ड आलं: ‘प्रिय मिस्टर जेवण, आपल्या सुंदर मोर्सबद्दल अभिनंदन.’ नानांनी ते छापून भिंतीवर लावलं. चूक कळवा म्हटलं तर म्हणाले, “सुंदर म्हणतोय ना? मग नाव काही का असेना.”

रविवार उजाडला. आम्ही सगळे दारात उभे. नानांनी पहिलं बटण दाबलं, आबा आले. दुसरं, तिसरं, टिंब ना कमी ना जास्त. मग पलीकडून काहीच येईना. नानांचा चेहरा बघवेना. अखेर देवपूर वाजू लागलं आणि माझी बायको एकेक शब्द सांगत गेली: “भरीतमधला पाच गया. डबी लावी का? लाव. हात तुनाच शे.”

नानांनी दोन्ही हात वर केले, थरथरत्या बोटांसकट, आणि चक्क तोंडाने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, “ओळखलं त्याने!” मला पेढे आणायला पिटाळलं. समोरच्या शेठजींना पेढा देताना म्हणाले, “घ्या, मी पास झालो.” शेठजींनी कशात ते न विचारता दोन घेतले.

मोर्सवाले उठताना दोन टिंबं वाजवतात, तेवढा त्यांचा रामराम. तो मात्र नानांनी डबीत भरलेला नाही. निरोप स्वतःच्या हाताने घ्यायचा असतो म्हणतात. त्या दिवशी दोनाची चार गेली. मग आबांकडूनही चार आली, अगदी सावकाश. तेव्हापासून नानांची जितकी जातात तितकीच तिकडून येतात. मागच्या महिन्यात मी देवपुरात आबांच्या घरी गेलो होतो, तर ते चष्म्याशिवाय, स्थिर हाताने सुईत दोरा ओवत होते. परवा नानांची सहा गेली. सहा आली. नानांनी रेडिओ बंद केला, हात मांडीवर ठेवला आणि मला हळूच म्हणाले, “आबाचाही हात आता कापायला लागला हो. तुम्ही त्याला काही बोलू नका.”