छपरावरचा मेव्हणा

माझ्या मेव्हण्याने, सुनीलने, मला फसवले. सौर पॅनेल बसवण्याचे प्रशिक्षण सुरू होणार होते. "दाजी, जागा भरल्या," असे मला सांगून तो स्वतः त्या वर्गात जाऊन बसला.

आज तो माझ्या दुकानासमोरच्या मंगल कार्यालयाच्या छपरावर आहे. कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळे हेल्मेट. पॅनेल दक्षिणेकडे कलते करून तो त्याची निळी काच पुसतो आणि इथे माझा जळफळाट होतो. याच कार्यालयाला जनरेटर भाड्याने देऊन मी घर उभे केले. ऊन सगळ्यांवर सारखेच पडते म्हणतात. पडत असेल, पण त्या उन्हावर पोट भरायला शिकण्याची वाट एक माणूस दुसऱ्यासाठी बंद करू शकतो. बाजारात मी कुणाचाही शब्द पारखल्याशिवाय घेत नाही. याचा घेतला, कारण बायकोच्या माहेरच्या माणसाशी घासाघीस करायची नसते.

"दाजी, जनरेटर भंगारात कधी घालताय?" तो वरून हसत ओरडतो.

खाली उतर, सुनील. तुझ्या ताईसमोर उभा राहा आणि सांग, जागा खरंच भरल्या होत्या का?