निवेदिका फार बोलते

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पुस्तकं बांधायचे. दुपारी तीन ते चार या वेळात त्यांच्यासमोर कुणी अवाक्षर काढलेलं त्यांना खपायचं नाही. त्या तासाला रेडिओवर शास्त्रीय संगीत असे. छापून घडी घातलेले फर्मे दोऱ्यानं शिवायचं काम माझ्याकडे होतं. खिडकीतून तिरकं ऊन आत यायचं, कागदाची बारीक धूळ त्यात तरंगत राहायची, खळीचा आंबूस वास खोलीभर पसरायचा. सुई आपोआप चालत असायची आणि मला वाटायचं, हा तास आजच्या दिवसातला नाहीच, कुणीतरी वेगळा काढून आमच्या खोलीत आणून ठेवलाय. ताईला मात्र संगीतातलं ओ की ठो कळत नसे. तीनचे ठोके पडले की ती कात्री ठेवून मागच्या खोलीत आडवी व्हायला जाई.

कार्यक्रमाला निवेदक दोन, एक दिवसाआड. त्यातले एक गृहस्थ. वाद्याचं नाव, वादकाचं नाव सांगायचे आणि गप्प. भावोजींच्या लेखी तो देवमाणूस. दुसरी एक बाई. तिचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, दुपारच्या झोपेतून नुकतं उठल्यासारखा. ती म्हणायची, "आता बासरी हलकेच खालून निघेल, दोनदा मागे वळून बघेल आणि तिसऱ्या खेपेला वर जाऊन बसेल. घाई करू नका, ती येते."

"वर जाऊन बसेल!" भावोजींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "कोंबडी आहे का ती?"

मला बाई आवडायची, पण खाल्ल्या घरचे वासे कोण मोजणार, म्हणून मी मूग गिळून शिवत राहायचे. शहरातल्या श्रोता मंडळातही असेच दोन तट होते. दातांचे डॉक्टर म्हणत, तिच्या आवाजानं माझे पेशंट तोंड उघडतात. निवृत्त गणितबाई म्हणत, मुलांनी गणित सोडवण्याआधी आपण उत्तर सांगून टाकतो का? भावोजी मंडळाचे चिटणीस, त्यामुळे गणितबाईंची बाजू नेहमीच भारी.

त्यात भावोजी पडले पुस्तकं बांधणारे. बाईच्या दिवशी ते घड्याळ समोर ठेवून बसत आणि ती किती मिनिटं, किती सेकंद बोलली ते वहीत टिपत. वर्ष संपलं की ती वही बांधायची. कातडी कणा, रेशमी खूण, वर सोनेरी अक्षरं: 'निवेदिकेचे बोलणे'. मग स्वतः जाऊन रेडिओ केंद्रात देऊन यायचं. तक्रार इतकी देखणी की टाकून द्यायला कुणाचा हात धजावणार? अशी तीन पुस्तकं गेली. तिन्हींची शिलाई माझीच.

चौथ्या वर्षी काहीतरी बिनसलं. बाईच्या दिवशी भावोजी खुर्ची रेडिओजवळ ओढून बसायला लागले. वही कोरीच राहू लागली. उलट देवमाणसाच्या दिवशी त्यांची चुळबुळ सुरू व्हायची आणि दहा मिनिटांत ते रेडिओ बंद करायचे.

"भावोजी, बाई आवडायला लागली वाटतं? ताईला सांगू?" मी एकदा छेडलं.

"काय?"

"ताईला सांगू का म्हटलं!"

"सांग की. ती आत घोरतेय."

आम्हाला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. काय काय वाटून घेतलं आम्ही! एका दुपारी बाईनं नेहमीसारखं सांगितलं, बासरी अशी निघेल, तशी वळेल. बासरी सुरू झाली, आणि थोड्या वेळानं रेडिओ एकदम मुका पडला. केंद्रातच काही बिघडलं असावं. खोलीत नुसतं ऊन राहिलं. ताई पाणी प्यायला पुढे आली होती, ती तांब्या हातात धरून उभीच राहिली, कारण भावोजी डोळे मिटून डोलत होते. हातातला खळीचा ब्रश हळूहळू वर चढत होता. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा वर गेला, आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं.

रेडिओतून तेव्हा काहीही येत नव्हतं.

ताईनं तांब्या खाली ठेवला आणि जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना सगळं समजलं. "बारीक सूर वर्षभरापासून ऐकू येत नाहीत गं," ते म्हणाले. "आधी व्हायोलिन गेलं, मग बासरी. तिचा आवाज जाड आहे, तो येतो. ती वाट सांगते. मग मला जुनं ऐकलेलं आठवतं, तेच मी ऐकतो." मग म्हणाले, "बाहेर बोलू नका."

आणि पंधरा दिवसांत केंद्राचं पत्र आलं. चिटणीसांनी मेहनतीनं सादर केलेल्या तीन ग्रंथांचा विचार करून, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून निवेदिका फक्त नावं सांगतील. सोबत आभार. भावोजींनी ते पत्र तीनदा वाचलं. स्वतःच्या हातांनी बांधलेलं असं अंगाशी आलं होतं.

मंडळाची सभा वाचनालयात भरली. मीही गेले. भावोजी उभे राहिले आणि म्हणाले, बाईंना बोलू द्यावं असं मंडळानं केंद्राला कळवावं. एकच हशा पिकला. "अहो चिटणीस," गणितबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे तर आम्हाला सेकंद मोजायची सवय लागली! आज असं का?" भावोजींनी तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, सांगा, एकदा सांगून टाका. डॉक्टरही त्यांच्याकडे आशेनं बघत होते. पण ते "सहज सुचलं" म्हणाले आणि खाली बसले. ठराव पडला.

वाटेत माझा पारा चढला. "का नाही सांगितलंत? लाज वाटली?"

"लाज तर वाटलीच," ते म्हणाले. "पण त्यांचे कान चांगले आहेत गं. त्यांना निवांत ऐकायचंय. तीस वर्षं मला तरी दुसरं काय हवं होतं?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

एक तारखेला तीन वाजता बाईनं वाद्याचं नाव सांगितलं, वादकाचं सांगितलं आणि ती गप्प झाली. तिलाही ते जड गेलं असावं, शेवटच्या शब्दापाशी ती क्षणभर घुटमळली. मग बासरी सुरू झाली. भावोजी हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. त्यांना सगळं संपल्यासारखं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

ताई आत गेली नाही. तिनं स्टूल ओढलं, त्यांच्या कानाशी वाकली आणि आवाज जाड करून बोलायला लागली. "चालू झालं बघा. जिना चढतोय हा. हळूहळू चढतोय, गुडघे दुखत असावेत. आता थांबला. आता एक पायरी खाली आला. का आला कुणास ठाऊक, विसरला असेल काहीतरी. अहो, आता पळत सुटला!"

मी सुई थांबवली. मला वाटलं, आता कपाळाला आठी पडणार, हात झटकला जाणार. भावोजींनी डोळे मिटले. ब्रश जागचा हलला.

ताई मध्येच अडली. "मला नाही हो कळत, काय सांगू? उगाच बडबड होतेय माझी."

"होऊ दे," ते डोळे न उघडताच म्हणाले. "तू बोल."